पिवळ्या ठिपक्याचे तेहतीस दिवस

आधी एक छोटंसं काम करा. डाव्या हाताचा तळवा वर करून मनगट पुढं धरा. अंगठ्याच्या मुळाशी, जरा खाली, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकवा आणि थांबा. काहीतरी टुकटुक करतंय ना? नसेल सापडलं तर घाई करू नका, सापडेल.

आता कल्पना करा, की त्या दोन बोटांच्या जागी एक मऊ पट्टा आहे आणि तो दिवसभर, रात्रभर तिथंच आहे. तो नाडी मोजतो, पावलं मोजतो, झोप मोजतो. असे पट्टे आजही आहेत, तुमच्या घरी कुणाच्या तरी हातात असतील. पण मी सांगतोय तो काळ अजून यायचा आहे. पंधरा-वीस वर्षांनंतरचा. तेव्हाचा पट्टा आणखी एक गोष्ट मोजतो, आणि ती मोजतोय हे हातात घालणाऱ्याच्या लक्षातसुद्धा येत नाही. तो तुम्हाला वाचायला लागणारा वेळ मोजतो.

कसं ते सांगतो. पट्ट्याच्या छोट्या काचेवर एखादं वाक्य उमटतं. ‘आज पाणी कमी प्यायलात का?’ खाली दोन गोल, एक ‘होय’चा, एक ‘नाही’चा. वाक्य उमटलं की त्याचा प्रकाश तुमच्या डोळ्यात शिरतो. डोळा ते मेंदूकडं पाठवतो. मेंदू आधी अक्षरं ओळखतो, मग शब्द, मग अर्थ, मग स्वतःला विचारतो की खरंच पाणी कमी प्यायलो का, आणि शेवटी बोटाला हुकूम देतो. हे सगळं मिळून एक सेकंद, फार तर सव्वा. असे तीस-चाळीस प्रश्न रोज. पट्टा त्यांची सरासरी काढतो.

माणूस बोलताना पुष्कळ झाकू शकतो. शब्द आठवला नाही तर हसतो, मान डोलावतो, ‘ते हे आपलं’ म्हणून वेळ मारून नेतो. घरच्यांना कळतही नाही. पट्ट्यापुढं असं काही झाकता येत नाही. मेंदूचा एखादा कोपरा आजारी पडायला लागला, की सव्वा सेकंदाचा दीड सेकंद होतो, आणि तो पाव सेकंद पट्टा बरोबर पकडतो. तो तुमची तुलना शेजाऱ्याशी करत नाही. पहिल्या तीस दिवसांत तुम्ही कसे होता ते लक्षात ठेवतो आणि पुढं रोज तुम्हाला तुमच्याशीच ताडून पाहतो. जमत असेल तर काचेच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. उशीर होत असेल तर पिवळा.

एखादा दिवस पिवळा आला तर काही बिघडत नाही. ताप असतो, झोप झालेली नसते, घरात कुणी गेलेलं असतं. पण सलग बेचाळीस दिवस ठिपका पिवळा राहिला, तर पट्टा आपणहून आरोग्य केंद्राला कळवतो.

तर असा एक पट्टा सोलापुरात नरसय्या वंगारी यांच्या डाव्या मनगटावर होता. त्यांच्या घरी हारिका नावाची नात होती, अकरा वर्षांची. ती त्यांना ताता म्हणायची. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत. तीन-चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामासाठी आलेली पद्मशाली घरं. घरात तेलुगू बोलायचं, दाराबाहेर मराठी, आणि कागदावर जे काही लिहायचं ते मराठीत, असा त्यांचा रिवाज. पट्टा मिळाला तेव्हा भाषा कोणती हवी असं विचारलं गेलं. तातांचा मुलगा, म्हणजे हारिकाचा बाबा राजेशम म्हणाला, मराठीच ठेवा. सरकारी वस्तू आहे, म्हणजे कागदातलीच झाली.

ताता हातमागावर सोलापुरी चादरी विणून म्हातारे झाले होते. आता ते हातमाग शिकवणाऱ्या एका केंद्रात सकाळी दोन तास जात आणि बाकीचा वेळ घरच्या मागापाशी बसत. चादरीवरचा मोर कसा उमटतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ असते. प्रत्येक कार्डावर भोकं पाडलेली. एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. जिथं भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. बस्स, एवढंच. उचल किंवा राहू दे. तुमच्या संगणकाला आजही याहून जास्त काही कळत नाही. आणि भोकांइतकाच कार्डांचा क्रम महत्त्वाचा. दोन कार्डं मागंपुढं झाली की मोराची मान कापली गेलीच.

हारिकाला मोर नको होता. मोर सगळ्यांच्याच चादरीवर असतो. मागाच्या खिडकीत रोज दुपारी एक साळुंकी येऊन बसायची, तिला ती हवी होती. ताता म्हणाले, काढ मग. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं चौकटीच्या मोठ्या कागदावर चौकोन भरून साळुंकी काढली. पाय चुकले, ते तातांनी दुरुस्त केले. मग दोघांनी दर रविवारी संध्याकाळी त्यावरून तीन-चार कार्डं पाडायला घेतली. ती कागदावरची ओळ वाचायची, ‘तीन उचल, एक राहू दे, दोन उचल’, आणि ताता भोकं पाडायच्या लोखंडी पंचवर लाकडी हातोडी मारायचे. एकशे चौसष्ट कार्डं पाडायची होती.

पहिल्याच दिवशी तिनं कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक आकडा घातला होता. तातांनी तो थुंकी लावून पुसला. नंबर घालणाऱ्याचा आपल्या डोक्यावर भरवसा नसतो, असं ते म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी कधी कार्डांना नंबर घातले नव्हते. कोणतं कुठलं, हे त्यांना भोकांवरून बोट फिरवलं की कळायचं.

जुलैत एके दिवशी ठिपका पिवळा झाला.

हारिकाला त्यात गंमत वाटली. पट्ट्यावर ठिपक्याला बोट लावलं की त्या दिवसाचा आकडा दिसतो, सेकंदाचे किती दहावे भाग लागले तो. सुरुवातीला अकरा असायचा. त्या दिवशी चौदा होता. तिनं साळुंकीच्या कागदाच्या समासात एक चौकोन पिवळा रंगवला आणि आत चौदा लिहिलं. दुसऱ्या दिवशीही पिवळा. मग तो एक खेळच झाला. चौकोनाला चौकोन लागून समासात पिवळी पट्टी सरकत निघाली.

तातांना मात्र गंमत वाटत नव्हती. ते दिवसातून चार वेळा ठिपका पाहायचे आणि सदऱ्याची बाही खाली ओढायचे. एकदा त्यांनी हारिकाला विचारलं, हे घड्याळ माझ्यावर का रुसलंय? ते पट्ट्याला घड्याळच म्हणायचे. ती म्हणाली, तुम्ही वाचायला उशीर करता म्हणून. त्यांनी बाही आणखी खाली ओढली. राजेशमला सांगू नको, एवढं मात्र म्हणाले.

तातांच्या मराठीची घरात फार चेष्टा चालायची. ताता मराठीत रागावले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माफी मागतो, असं राजेशम पाहुण्यांना रंगवून सांगायचा. ताताही हसायचे. या चेष्टेमुळंच हारिकाला वाटलं, की कोडं आपल्याला सुटलंय. ताता हळू झालेले नाहीत. पट्टा मराठीत विचारतो म्हणून त्यांना वेळ लागतो.

खरं तर ते बोलताना अडखळायचे, वाचताना नाही. गेली पन्नास वर्षं रोज सकाळी ते मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत आले होते, आणि हे हारिका रोज पाहत होती. पण घरात तेच तेच ऐकत राहिलं, की डोळ्यांनी पाहिलेलं मागं पडतं. मोठ्यांचंही असं होतं, ती तर अकरा वर्षांची होती.

नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो. पद्मशालींचा तो मोठा सण. त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या मनगटाला सुताचा नवा धागा बांधतात. तातांनी धागा बांधून घेण्यासाठी पट्टा काढला आणि हारिकाच्या हातात दिला. म्हणाले, धर बिड्डा, बाजूला ठेव. बिड्डा म्हणजे बाळ.

घरात गडबड होती. तिची आई विजया स्वयंपाकघरात होती, राजेशम रथाला जायची घाई करत होता. हारिका मागापाशी जाऊन बसली आणि तिनं पट्ट्यातली भाषांची यादी उघडली. मराठीच्या खाली तिसरी तेलुगू होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. काचेवर वाक्य आलं: ‘भाषा बदलल्यास वाचनाची जुनी नोंद पुसली जाईल. पुढे जायचं?’

असं करण्यामागं पट्टा बनवणाऱ्यांचा विचार चुकीचा नव्हता. एका भाषेतला वेग दुसऱ्या भाषेतल्या वेगाशी ताडता येत नाही. म्हणून भाषा बदलली की जुनं मोजमाप रद्द, पुन्हा तीस दिवस नव्यानं ओळख, असा त्यांचा नियम होता. सरळ नियम होता. फक्त भाषा कोण बदलेल आणि का बदलेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हतं.

हारिकानं ‘होय’ दाबलं. आपण सगळे जसं दाबतो तसं. त्याला तिला किती वेळ लागला हे पट्ट्यानं मोजलं नाही, कारण तो तातांच्या मनगटावर नव्हता.

ताता हात पुढं करून आले. धागा मनगटाला बसला होता. त्यांच्या घरात हा धागा कुणी सोडत नाही, झिजून आपोआप गळेपर्यंत राहू देतात. तिनं त्याच्या शेजारी पट्टा बांधला. थोड्या वेळानं काचेवर तेलुगूत प्रश्न उमटला. तातांनी तो वाचला. चौथीपर्यंत ते तेलुगू शाळेत होते, त्यांची पहिली अक्षरं तीच. ते हसले आणि त्यांनी चटकन ‘होय’ दाबलं.

पिवळा ठिपका गेला होता. त्या जागी पांढरा आला होता, म्हणजे ओळख चालू आहे. महिन्यानं तो हिरवा झाला. हारिकाला वाटलं, आपण तातांना बरं केलं.

झालं होतं वेगळंच. पट्ट्यानं त्या तीस दिवसांत ज्या माणसाची ओळख करून घेतली तो आजारी होता. तो नेहमी तसाच असतो असं धरून पट्टा रोज त्याला त्याच आजारी माणसाशी ताडायला लागला. तशात तेलुगू ही तातांची सगळ्यात जुनी भाषा. अशा आजारात नंतर शिकलेलं आधी जातं आणि आधी शिकलेलं सगळ्यात शेवटी. त्यामुळं मराठी हातातून सुटत असतानाही तेलुगू कितीतरी दिवस टिकून राहिली, आणि ठिपका हिरवा राहिला.

ऑक्टोबरात साळुंकीची निम्मी कार्डं पाडून झाली. तातांनी ती ओवून मागावर चढवली आणि नमुना म्हणून वीतभर विणून पाहिलं. चोच आली, डोळा आला, आणि मानेवरून एक सरळ रेघ आडवी गेली. दोन कार्डं मागंपुढं झाली होती. तातांनी बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवलं. मग धागा तुटला असं म्हणून त्यांनी माळ उतरवली, कार्डं सुटी केली आणि पेटीत ठेवून दिली. तिथून पुढं त्यांनी ती काढली नाहीत. हारिकानं विचारलं की म्हणायचे, थंडी कमी होऊ दे, बोटं आखडतात.

दिवाळीनंतर वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच राहू लागलं. जानेवारीत ताता हारिकाला पोशव्वा म्हणून हाक मारू लागले. पोशव्वा ही त्यांची बहीण, लहानपणीच वारलेली. पहिल्यांदा सगळे हसले. मग विजयाला काळजी वाटायला लागली, मामंजींना एकदा दाखवून आणू या असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा राजेशमनं तातांचा हात धरून ठिपका दाखवला. हिरवा आहे बघ. यंत्र काय खोटं बोलतं का?

यंत्र खोटं बोलत नव्हतं. जे विचारलं होतं त्याचंच उत्तर देत होतं.

फेब्रुवारीत ठिपका पुन्हा पिवळा झाला. या वेळी बेचाळीस दिवस पुरे झाले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून फोन आला.

केंद्रातल्या डॉक्टर तस्नीम मुलाणी शांतपणे बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तातांच्या मेंदूची चित्रं काढून घेतली, त्यांच्याशी गप्पा मारल्या, आणि मग राजेशम, विजया आणि हारिका यांना समोर बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. तातांच्या मेंदूत एक चिकट पदार्थ साठतोय. तो पेशींना गुदमरवतो. तो धुऊन काढणारं औषध आता मिळतं. गेलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत, पण राहिलेल्या वाचतात. म्हणून ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. मात्र आजार दोन प्रकारचा असतो, सावकाश सरकणारा आणि वेगानं वाढणारा. वेगानं वाढणाऱ्या आजारात हे औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तिथं ते देता येत नाही.

मग त्यांनी पडद्यावर तातांची रेघ दाखवली. ती ऑगस्टच्या शेवटी सुरू होत होती. नोंदीप्रमाणे तेव्हा माणूस ठणठणीत होता आणि सातच महिन्यांत इथवर आला होता. डॉक्टर म्हणाल्या, ही घसरण वेगाची दिसते. पण पट्टा तर तीन वर्षांपूर्वीचा आहे, मग नोंद ऑगस्टपासून का? मधे कुणी काही बदललं होतं का?

राजेशमनं मान हलवली. कुणी हातसुद्धा लावलेला नाही, तो म्हणाला.

हारिकानं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताता तेलुगूत बोलले आणि राजेशमनं ते मराठीत सांगितलं. ताता म्हणत होते, “मीच भाषा बदलली. मला आमची बरी वाटते. तब्येत तेव्हा चांगलीच होती.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सोमवारी दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवू, पण औषधाची आशा कमीच आहे, असं त्यांनी सांगितलं. रिक्षात विजया तातांचा हात हातात धरून बसली होती.

हारिकाला आता सगळं समजलं होतं. तातांची तब्येत तेव्हा चांगली नव्हती. ठिपका पिवळा होता. हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकानं वेगळंच सांगितलं होतं. ती बोलली तर तिचा अपराध उघडा पडणार होता, आणि तातांचं म्हणणं खोटं आहे हे तिलाच सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. ती गप्प राहिली तर तातांना औषध मिळणार नव्हतं.

दुपारी ताता खिडकीपाशी बसले होते. ती जवळ जाऊन बसली.

“ताता, भाषा मी बदलली होती. तुम्ही का म्हणालात तुम्ही बदलली म्हणून?”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. विचार करताना त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

“मी नव्हती बदलली?” ते म्हणाले.

“नाही.”

“मला आठवत नाही बिड्डा.” मग तिच्याकडं बघून, “तुझं तोंड पाहिलं. वाटलं, कुणीतरी बोलायला पाहिजे.”

ती उठली. मागाच्या खालच्या फळीवर साळुंकीचा कागद गुंडाळून ठेवलेला होता. तिनं तो उलगडला. समासातली पिवळी पट्टी तशीच होती. तिनं चौकोन मोजले. तेहतीस. प्रत्येकात आकडा. चौदा, चौदा, चौदा, मधे एक तेरा, पुन्हा चौदा, आणि शेवटच्या सहा चौकोनांत पंधरा.

कागद घेऊन ती स्वयंपाकघरात विजयाकडं गेली आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, काहीही न वगळता. विजयानं तिला ओरडायला तोंड उघडलं, आणि मग तिनं कणीक लागलेल्या हातांनीच मुलीला जवळ घेतलं. संध्याकाळी राजेशमला कळलं तेव्हा तो अंगणात जाऊन एकटा उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, मराठीची चेष्टा मी करायचो.

सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी तिघं दारात उभी होती. कागद इतका मोठा होता, की डॉक्टरांना तो टेबलावरच्या वस्तू हलवून पसरावा लागला. त्यांनी आधी साळुंकी पाहिली, मग समास. हारिकानं उभ्याउभ्याच सांगितलं की भाषा तिनं बदलली, कोणत्या दिवशी बदलली, आणि तातांना ते आठवत नाही.

डॉक्टर एकेका चौकोनावर बोट ठेवत गेल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, “म्हणजे आजार ऑगस्टच्या आधीपासूनच होता, आणि तेहतीस दिवसांत एवढंसंच सरकलंय. हा सावकाश चालणारा आहे. औषध देता येईल.”

राजेशमनं डॉक्टरांना हात जोडले.

हारिका उभीच होती. तिनं मनात वजाबाकी केली होती, ती तिनं बोलून दाखवली. बेचाळीस वजा तेहतीस, नऊ. तिनं आणखी नऊ दिवस काही केलं नसतं तर सप्टेंबरातच फोन आला असता का?

विजयानं तिचा खांदा दाबला. मुलांना अशा वेळी काय सांगायचं हा कठीण प्रश्न आहे. बरीच मोठी माणसं अशा वेळी गोड काहीतरी सांगून मोकळी होतात.

“आला असता,” डॉक्टर म्हणाल्या. “औषध सात महिने आधी सुरू झालं असतं. तू खरं सांगितलंस, म्हणून मीही खरंच सांगते. पण हेही खरं आहे, की तो पट्टा एवढी मोठी गोष्ट एका ओळीत विचारून मोकळा होतो, आणि बाकी कुणी विचारलंच नाही. तुझ्या घरातल्यांनी नाही. आम्हीही नाही. नवी नोंद सुरू झाली तेव्हा आम्ही एक फोन करायला हवा होता.”

पुढं असे पट्टे बदलले गेले. भाषा बदलली तरी जुनी नोंद राहू लागली, आणि बदलताना घरातल्या मोठ्या माणसाला विचारलं जाऊ लागलं. पण ते दोन वर्षांनंतर.

तातांना औषध सुरू झालं. आजार जिथं होता तिथं थांबला, असं डॉक्टर म्हणाल्या. थांबला म्हणजे परत फिरला नाही. वर्तमानपत्र घडीतच राहिलं. हारिकाला ते कधी हारिका म्हणायचे, जास्त करून पोशव्वा. ती दोन्ही हाकांना ओ द्यायची. नारळी पौर्णिमेचा धागा मे महिन्यात झिजून गळाला. तिनं तो उचलून कंपासपेटीत ठेवला.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी पेटी उघडल्याचा आवाज आला. ताता मागापाशी जमिनीवर बसले होते आणि सगळी कार्डं त्यांच्याभोवती पसरलेली होती. निम्मी साळुंकी, सुटी सुटी. हारिका दारात थांबली. त्यांनी एक कार्ड उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि भोकांवरून हळूहळू बोट फिरवलं.

“चोच,” ते म्हणाले. “हे पहिलं.”

तिनं चौकटीचा कागद आणून ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग त्यांनी दुसरं शोधलं. त्याला वेळ लागला. तिसऱ्याला आणखी वेळ लागला, दोनदा त्यांनी चुकीचं उचललं आणि स्वतःच खाली ठेवलं. डोक्यातून गेलेलं अजून बोटांत थोडं शिल्लक होतं. ते किती दिवस राहील हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

हारिका त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. कंपासपेटीतून तिनं पेन्सिल काढली, आणि मग ती तशीच हातात धरून राहिली. नंबर घालणाऱ्याबद्दल ताता काय म्हणायचे ते तिला आठवत होतं. त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी पेन्सिलीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि चोचीचं कार्ड फिरवून त्याचा कोपरा तिच्यासमोर धरला.

तिनं त्या कोपऱ्यात, ठळक दिसेल असा, एक लिहिला.